अपवाद असल्यास

रेवसच्या चिखलाला एक खोड आहे. घाईतला माणूस त्याला वासावरून कळतो. सव्वाआठची लाँच भाऊच्या धक्क्याकडे निघाली, हाकेच्या अंतरावरही गेली नसेल, तोच बुडाखालून एक हलकासा दणका आला. पाण्याखाली बसलेल्या कुणा म्हाताऱ्यानं काठीनं ढोसून विचारावं, ‘कुठं रे एवढ्या लगबगीनं?’, तसा. इंजिन दोनदा खोकलं, मागं काळं पाणी उसळलं आणि लाँच बसली. म्हैस बसते तशी, सावकाश आणि आता उठायचंच नाही अशा बेतानं. तांडेलानं वरून ओरडून सांगितलं की ओहोटी जरा जास्तच गेलीय, भरती लागली की आपोआप उचलेल, कुणी एका अंगाला गर्दी करू नका. वेळापत्रक छापून भिंतीला चिकटवता येतं, पण चंद्र काही ते वाचत नाही. तो रोज पाऊण तास उशिरा येतो आणि पाण्यालाही उशीर करायला लावतो. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी लाँच छापील वेळेवरच सुटते आणि महिन्यातून दोनदा बसते. लोकांनी डबे उघडले. अल्पेश घरतनं मांडीवरचा लॅपटॉप उघडला, घड्याळ पाहिलं, आणि तोच दणका त्याला पुन्हा एकदा, जरा उशिरानं, बसला.

अकरापर्यंत त्याला एक फॉर्म भरायचा होता. घरी भरता आला असता, कालही आणि परवाही. पण घरी भरायला बसलं की बायको, हेमाली, चहा घेऊन मागं उभी राहायची आणि काही न बोलता स्क्रीनकडे बघायची. मग तो उगाचच दुसरी खिडकी उघडून हवामान बघायचा. फॉर्म कसला, तर नोकरीचा. फोर्टातल्या ज्या कंपनीत तो नऊ वर्षं लोकांच्या वेबसाइटी बांधत होता, तिथं आता वेबसाइट मशीन बांधणार होतं. महिनाअखेरीला बांधणारी सगळी माणसं घरी जायची होती, फक्त दोघं राहणार होती, मशीननं काय बांधलं ते बघायला. त्या दोघांत अल्पेशचं नाव होतं, आणि ते त्याच्या कामामुळं नव्हतं, ब्लॉगमुळं होतं. ‘खाजणातल्या थापा’ हा त्याचा ब्लॉग, सन दोन हजार सहापासूनचा. सहाशे अकरा गोष्टी. किहीमच्या, नागावच्या रिसॉर्टवाल्यांना आपापल्या पानावर गावची अस्सल गोष्ट हवी असते, ती आता मशीन पाडणार, आणि मशीनला घालायला अल्पेशच्या सहाशे अकरा. “सर, तुमचा ब्लॉग म्हणजे सोनं आहे,” माणसांचं खातं सांभाळणारी प्राची म्हणाली होती, वय वर्षं सत्तावीस, मनानं चांगली. “इतकं ऑथेंटिक खाद्य मशीनला कुठं मिळणार?” खाद्य म्हटल्यावर अल्पेशला सरकीची पेंड आठवली होती. फॉर्मच्या चौदाव्या कलमात ब्लॉग कंपनीच्या नावे करून द्यायचा होता, आणि त्याखाली एका चौकोनात टिचकी मारायची होती: ‘वरील सर्व मजकूर ही केवळ माझी स्वतःची निर्मिती आहे.’ त्याखाली एक पांढरी चौकट: ‘अपवाद असल्यास’. दोनशे अक्षरं, जास्त नाही.

हा फॉर्म गेल्या वर्षी अल्पेशनंच बांधला होता, हे सांगायचं राहिलं. वकील मंडळी म्हणाली होती की अपवाद म्हणजे डोकेदुखी. म्हणून त्यानं अशी सोय केली की त्या चौकटीत एक अक्षर जरी पडलं, तरी फॉर्म पुढं न जाता बाजूला पडावा आणि मुदत टळली की आपोआप मरावा. अकरा ओळींत केलं होतं. शाबासकी मिळाली होती. कोण कशाला त्यात काही लिहील, असं त्याला तेव्हा वाटलं होतं, आणि चौकट पांढरी ठेवली होती, कारण पांढरी चौकट सभ्य दिसते.

टिचकी मारायला किती वेळ लागतो? माशी उडवायला लागतो त्याहून कमी. तरी त्याचं बोट उठेना. दमलं होतं बोट. तोच अख्खा दमला होता म्हणा, पण माणूस पुरता दमला की त्याचा एखादाच अवयव ते कबूल करतो. तो मागं रेलला आणि चिखलाकडे बघत राहिला. चिखलावर छोटे छोटे मासे डोळे वर काढून, कल्ले फुगवून, इकडून तिकडं उड्या मारत होते. धड मासे नाहीत, धड बेडूक नाहीत, पण नेटानं टिकून. त्याला स्वतःची पंचवीस वर्षं आठवली. अलिबागच्या क्लासात शिकून त्यानं पहिली वेबसाइट बांधली ती किहीमच्या एका कॉटेजवाल्याची. नाव लाल अक्षरात उघडझाप करायचं, दोन्हीकडं नारळ डुलायचे, आणि खाली येणाऱ्यांची मोजणी. मालकानं मोजणी दहा हजारांपासून सुरू करायला लावली होती, त्यामुळं पहिल्याच दिवशी, वेबसाइट नीट उघडायच्याही आधी, दहा हजार माणसं येऊन गेलेली. मग हलत्या चित्रांचा जमाना आला. अल्पेशनं लाटा हलवल्या, होड्या हलवल्या, एकदा तर आख्खा कुलाब्याचा किल्ला हलवला. मग एका सकाळी सगळ्या ब्राउझरांनी त्या हलत्या चित्रांच्या तोंडावर दार लावलं आणि त्याची चार वर्षांची विद्या ओसरीवरच मेली. मग मोबाईल आले आणि सगळं अरुंद झालं. मग दर दीड वर्षानं नवं काहीतरी यायचं, बारशातल्या नावासारखं नाजूक नाव घेऊन, आणि ते शिकायचं, आणि आधीचं आपल्याला कधी येतच नव्हतं असं सोंग करायचं. प्रत्येक वेळी त्यानं ब्लॉगही नव्या घरात हलवला. सात बिऱ्हाडं झाली. एका हलवाहलवीत जुन्या फाँटातल्या एकशे चाळीस गोष्टींचा पार काला झाला. मराठीच्या जागी नुसते कोंबडीचे पाय. तीन वर्षांचे रविवार घालून त्यानं त्या आठवून आठवून पुन्हा टाइप केल्या. आठवून. त्या एका शब्दाशी तो आता जरासा अडखळला, पण पुढं गेला.

रविवार हीच त्याची खरी इस्टेट होती. दहा ते बारा. आधी त्यात एक कॉल शिरला, अर्ध्या तासाचा, पाहुण्यासारखा. मग पाहुण्यानं पथारी टाकली. मग अल्पेश टीमलीड झाला आणि रविवारचं नावच तेवढं राहिलं. लिहायला बसलं की बोटं गोष्टीऐवजी ऑफिसातल्या तक्रारीचा नंबर टाइप करायची. गेल्या सात महिन्यांत एक ओळ नाही. हेमाली एकदा म्हणाली होती, “अकरा माणसं वाचतात तुमचा ब्लॉग. त्यातले एक तुम्ही.” मग दहावा कोण, नववा कोण, हे त्यानं विचारलं नव्हतं. आताही तिचा फोन आला, पॅथॉलॉजी लॅबमधून, मागं बाटल्यांची किणकिण.

“भरलात का?”

“लाँच बसलीय.”

“लाँच बसली तर बोटं पण बसली का? नेट आहे ना?”

“आहे.”

“मग भरा आणि मोकळे व्हा. आपल्या राहीची बारावी आहे, यंदा नोकरी जायला नको. आणि अहो, नाहीतरी तुम्ही लिहीत कुठं होतात?”

हे ती टोचून बोलली नव्हती. दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसाच्या हातातली पिशवी घ्यावी, तसं बोलली होती. त्यामुळंच ते जास्त लागलं. त्यानं ‘बरं’ म्हटलं, बोट चौकोनावर नेलं. आणि तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून ते नाव आलं.

“आमची ठमी असती ना, तर ही लाँच आतापावत भाऊच्या धक्क्याला लागली असती!”

बोलणारी थळची एक म्हातारी कोळीण होती, सोनूबाई. सुक्या बोंबलांची पाटी पायाशी, आणि समोर किहीमहून सुट्टी संपवून निघालेलं एक तरणं जोडपं, कंटाळून कंटाळून ऐकण्याइतकं शहाणं झालेलं. “ठमी कोण आजी?” मुलीनं विचारलं, आणि अल्पेशनं मान वळवली, कारण ठमी कोण हे जगात एकट्या त्याला माहीत होतं. ठमी त्यानं केली होती. दोन हजार आठच्या एका रविवारी, वर पंखा बंद, बाहेर कुणीतरी भात कांडत होतं. मिठानं भरलेला मचवा ह्याच खाडीत, ह्याच चिखलात रुतला, बावीस गडी ढकलून थकले. तेव्हा ठमीनं आपल्या सात हात वेणीला दोर बांधला, दोर मचव्याला, आणि पाठ फिरवून चालायला लागली. मचवा काही हलला नाही. ठमीही थांबली नाही. मग हलला तो किनारा! म्हणून आजही समोर करंजाहून बघितलं तर रेवस जरा ओढल्यासारखं दिसतं. ही थाप त्याची, शब्दन् शब्द त्याची, सहाशे अकरांत त्याची सर्वांत लाडकी. आणि सोनूबाई ती सांगत होती, दोर, मचवा, बावीस गडी, सगळं. फक्त सांगताना तिचा हात आपोआप मानेमागं जायचा, जणू ताण तिथं अजून होता.

“आनि किनारा आला,” सोनूबाई म्हणाली. “करकर करकर करीत आला. माझ्या सासऱ्याची झोपडी वरच व्हती. त्यो जेवत व्हता, त्याच्या ताटातली आमटी सांडली.”

आमटी अल्पेशच्या गोष्टीत नव्हती. आमटी चांगली होती. त्याला हेवा वाटला, आणि हेव्यामागून भीती. तो लॅपटॉप तसाच धरून उठला आणि बाकाशी गेला. “मावशी, ही गोष्ट तुम्ही कुठं वाचलीत?”

“वाचू? मला वाचता कुठं येतंय रं? माझी सासू ती. ठमी. थलला कोनालाबी इचार, सोनूबाईची सासू म्हून.”

“पण ही गोष्ट... मोबाईलवर आहे. ब्लॉगवर.”

“हाय ना! नातीनं दाखवली मला. कोनीतरी मेल्यानं चोरून घातलीय. चोरली तर चोरली, पन येनी किती लिवलीय त्यानं? सात हात!” तिनं जोडप्याकडं साक्षीला पाहिलं. “सात हात येनीनं शेळी तरी हलंल का? बारा हात व्हती. मेल्यानं तिथंबी कंजूषी केली.”

जोडपं हसलं. अल्पेशही हसला, पण त्याचं हसू चेहऱ्यावर पोचायच्या आधी वाटेतच कुठंतरी रुतलं. “तो मेला मीच,” तो म्हणाला. सोनूबाईनं त्याला पायाच्या नखापासून बघितलं. “कोनाचा तू?” “घरतांचा. दयाराम घरतांचा. मिठाच्या आगरातले.” “दयारामाचा!” ती म्हणाली, जणू तेवढ्यानं सगळा उलगडा झाला होता. पाटीवरचं फडकं नीट केलं. “बाप बरा व्हता तुझा. बोंबलाचं मीठ त्याच्याकडनंच न्यायचो आमी. तासभर बसवायचा, आनि मापटंभर गप्पा वरती घालायचा.”

अल्पेश जागेवर परत आला. माणसाची एखादी वस्तू हरवली तर तो ती शोधतो. पण वस्तू हातात आहे आणि आपली आहे की नाही तेच आठवत नाही, अशा वेळी काय शोधायचं? त्यानं तो दोन हजार आठचा रविवार पुन्हा उघडून बघितला, बंद पंखा, कांडण, आणि ठमी हे नाव. ते कुठून आलं होतं? तेव्हा ते सहज आलं होतं, आणि सहज आलं म्हणून त्याला ते आपलं वाटलं होतं. मग त्याच्या डोळ्यांपुढं बापाची टाच आली. भेगा पडलेली, पांढरी, खारवलेली टाच. पाऊस सरला की मिठागराचा तळ पुन्हा धरावा लागतो. चार महिन्यांच्या गोड्या पाण्यानं तो मऊ झालेला असतो, आणि मऊ तळावर मीठ धरलं तर ते मातकट येतं. म्हणून तो पायांनी तुडवायचा, पायाला पाय लावून, पुन्हा पुन्हा, दिवसच्या दिवस, कोंडीच्या, म्हणजे मिठाच्या वाफ्याच्या, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आठ वर्षांचा अल्पेश बापामागं, टाच बघून, तिच्या ठशाशेजारी आपला ठसा टाकत. मिठानं पाय चरचरायचे, तो रडायच्या बेतात यायचा, आणि नेमका तेव्हा बाप बोलायला लागायचा. काय बोलायचा? टाच स्वच्छ दिसत होती. शब्द येत नव्हते. आवाज यायचा, पाठमोरा, वाऱ्यानं अर्धा नेलेला, मध्येच बापाचं स्वतःचंच हसणं. कदाचित ठमी त्यातच होती. कदाचित नव्हती, आणि पोरांनी पुढं बोलत बोलत, बाजारातून बाजारात, त्याच्या ब्लॉगवरूनच ती थळला नेली, सोनूबाईच्या सासूच्या अंगात घातली. सासूचं नाव ठमी असणं काही अवघड नाही, त्या काळी दर तिसऱ्या दारी एक ठमी होती. खरं काय ते कळायची सोय नव्हती. बाप गेला. मिठागरावर आता कंटेनर उभे असतात. आणि सहाशे अकरा गोष्टी त्याच्यापुढं रांगेनं उभ्या राहिल्या. आजवर त्या त्याला पोरांसारख्या दिसायच्या. आज पहिल्यांदाच त्या पाहुण्यांसारख्या दिसल्या, कुणाकुणाच्या घरून आलेल्या, त्याच्याकडं चार दिवस राहिलेल्या. आपण लिहीत होतो म्हणजे काय करत होतो? तुडवत होतो. दर पावसाळ्यानंतर तळ धरत होतो. मीठ खाडीचंच होतं.

साडेदहा झाले. प्राचीचा निरोप आला, ‘सर, फक्त तुमचाच राहिलाय,’ पुढं एक हसरा चेहरा. टिचकी मारली असती तर कुणाचं काय गेलं असतं? लॅपटॉपनं विचारलं नसतं, सोनूबाईला कळलं नसतं, तिच्या ठमीनं उद्या एखाद्या रिसॉर्टच्या पानावर, पोहण्याच्या तलावाच्या चित्राशेजारी, मचवा ओढला असता. जन्मभर अल्पेशनं थापा मारल्या होत्या आणि एकीचंही ओझं कधी वाटलं नव्हतं, कारण थाप मारताना ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. ही एवढीशी टिचकी मात्र थाप नव्हती. ते खोटं होतं. इतकं कोरडं, इतकं बिनमिठाचं खोटं त्याला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी येईना. येतं तर किती बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं. राहीची बारावी दिसली, हेमालीच्या हातावर लॅबच्या हातमोज्यांतल्या पावडरीनं उठलेलं पुरळ दिसलं. तो हट्टानं वगैरे काही उठला नाही. शूर तर मुळीच नव्हता. नुसता त्याचा हात त्या पांढऱ्या चौकटीत गेला आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा बोटांनी तक्रारीचा नंबर टाइप केला नाही.

‘ठमीची गोष्ट माझी नाही. ती थळच्या सोनूबाईंच्या सासूची आहे. थोडी माझ्या वडिलांची असावी. बाकीच्या सहाशे दहा कुणाकुणाच्या, ते विचारून सांगतो.’

दोनशेच्या आत बसलं. पाठवून दिलं. मग तो शांत बसून राहिला, माणूस शिंक आल्यावर बसतो तसा.

प्राचीचा फोन चार मिनिटांत आला. “सर, तुम्ही अपवादात काहीतरी टाकलंय. चुकून झालं का? फॉर्म बाजूला पडलाय. मला उघडताच येत नाहीये.”

“येणार नाही. मी तशीच सोय केली होती.”

“पण सर, अकरा वाजता लॅप्स होईल ना! मी काहीच करू शकत नाही. कुणाला सांगू?”

“कुणाला नको. ठमी माझी नाही, एवढंच लिहिलंय. चांगला चालतोय फॉर्म.”

ती एकदम लहान आवाजात म्हणाली, “सर, ती ठमी मला पण आवडायची.” म्हणजे त्या अकरांतली दहावी ही होती.

हेमालीला त्यानं स्वतःच फोन केला. भरला म्हणाला. सगळा का, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, एक अपवाद घातला, ठमीचा. मग काय झालं तेही सांगितलं. बाटल्यांची किणकिण थांबली. तिनं ओरडावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

“ती तुमची नव्हतीच,” ती शेवटी म्हणाली. “लग्न झालं त्या वर्षी तुमच्या बाबांनी मला सांगितली होती, चुलीपाशी. मी भाकऱ्या थापत होते. पाच हात वेणी म्हणाले होते.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही लिहून वाचून दाखवलीत, तेव्हा तोंड बघायचं होतं तुमचं. काय सांगणार?” ती रागावली होती, घाबरली होती, आणि त्याहून जास्त थकली होती. सगळं एका श्वासात आलं. “येताना रिकाम्या हातानं येऊ नका. त्या म्हातारीकडं बोंबील असतील तर घ्या. बाकीचं जेवल्यावर बोलू. आणि मी बोलणार आहे, अल्पेश घरत.” अख्खं नाव ती घेते तेव्हा काही खरं नसतं.

अकराला पाच कमी असताना लाँचच्या बुडाखाली काहीतरी मऊ हललं. उडी मारणारे मासे बिळांत गेले. पाणी आलं होतं, आवाज न करता, चूक आपली नव्हतीच अशा थाटात. लोक उभे राहिले, तांडेल ओरडला, इंजिन खोकलं. अल्पेशला त्या घटकेला फोर्टात जायची काही घाई उरली नव्हती, पण लाँच काही त्याच्यासाठी मागं वळणार नव्हती. तो उठला, पलीकडं जाऊन सोनूबाईशेजारी बसला, आणि लॅपटॉप तिच्या बाजूला तिरपा केला. स्क्रीनवर दोन हजार आठचा रविवार होता, ठमीची गोष्ट.

“लिवलंस?” तिनं स्क्रीनकडं न बघता विचारलं.

“लिहितोय. तुमचं नाव घालतो वर. आणि आमटी घालतो.”

“घाल. तूप घालू नको, नुसती आमटी. तूप कुठलं घरात.” मग जरा वेळानं, किनारा सरकायला लागलेला बघत, “आनि येनी?”

“बारा करतो.”

सोनूबाईनं विचार केला. लाँच चिखलातून सुटून हळूच डुलली.

“आता एवढी मानसं बसलीयत लाँचीत,” ती म्हणाली. “पंधरा कर.”